गुळाच्या धंद्यात पडायचंय? कोल्हापूरकडचे नेहमीचे प्रश्न आणि सरळ उत्तरं

दिवाळी जवळ आली की आमच्याकडं फोन सुरू होतात. कुणी पुण्यात नोकरीला असतं आणि गावाकडं पाच एकर ऊस असतो, कुणाला इन्स्टावर ब्रँड काढायचा असतो, कुणाला गुळाच्या चहाची टपरी टाकायची असते. आम्ही गूळ घेतो, पॅक करतो आणि विकतो, त्यामुळं गुऱ्हाळवाले, अडते आणि गिऱ्हाईक तिन्हीकडची बोलणी कानावर पडतात. तीच तीच उत्तरं द्यायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. कुठं जास्त बोललोय, कुठं दोन ओळीत उरकलंय, चालवून घ्या.

गुऱ्हाळं तर बंद पडतायत म्हणतात, मग आता यात यायचं कशाला?

बंद पडतायत हे खरंय. एकेकाळी जिल्ह्यात हजारावर गुऱ्हाळं होती, आता काही शेकड्यांवर आलीत. पन्हाळा, करवीर, राधानगरी, कागल, भुदरगड या पट्ट्यात फिरलात तर रस्त्याकडंला पडकी शेड, गंजलेली काहील (रस उकळायची मोठी कढई) आणि बाजूला वाढलेलं तण असं बऱ्याच ठिकाणी दिसेल. कारणं तीन-चार आहेत, माणसं मिळत नाहीत, गुळव्या (पाक जमवणारा कारागीर) मिळत नाही, साखर कारखाना ऊस तोडून नेतो आणि चौदा दिवसात बिल द्यायचं असा कायदाच आहे (देतात का तो वेगळा विषय), आणि गुळाचा दर मात्र सौद्यात (मार्केट यार्डातल्या लिलावात) त्या दिवशी जे होईल ते. शेतकऱ्यानं कशाला डोक्याला ताप करून घ्यायचा?

पण गंमत अशी की गूळ खाणारी माणसं कमी झालेली नाहीत, उलट शहरात वाढलीत. वीस वर्षांपूर्वी चहात गूळ म्हणजे साखर परवडत नाही असा अर्थ होता, आज त्याच चहाला जास्त पैसे घेतात. म्हंजे बनवणारे कमी होतायत आणि विकत घेणारे वाढतायत. मधल्या जागेत पैसा आहे, काहिलीपाशी फारसा नाही. पुढची सगळी उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

कोल्हापूरचंच एवढं नाव का? गूळ तर सगळीकडं होतो.

पंचगंगेच्या खोऱ्यातली माती आणि पाणी हे एक. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी या नद्यांच्या काठचा ऊस गुळाला गोड आणि कमी खारा पडतो असं जुनी माणसं सांगतात, आणि ते खरंही आहे, कारण खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ चवीला खारट लागतो आणि पावसात लवकर पाझरतो.

दुसरं कारण बाजारपेठ. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि गुळाला हक्काचं ठिकाण मिळालं. गुजराती, मारवाडी व्यापारी येऊन बसले, पेढ्या झाल्या, रेल्वेनं माल बाहेर जायला लागला. माल चांगला असणारी गावं देशात पुष्कळ आहेत हो, पण माल घेऊन गेल्यावर त्याच दिवशी गिऱ्हाईक आणि पैसा मिळेल अशी पेठ सगळ्यांना नव्हती. तिसरी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे उसाचा चरक आणि ऑइल इंजिन. तिकडं सांगली जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली, इकडं कोल्हापुरात उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी इंजिनं आणि चरक दुरुस्त करता करता स्वतःच सुटे भाग ओतायला सुरुवात केली. आज शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत ज्या फाउंड्र्या गाड्यांचे पार्ट बनवतात त्यांच्या मुळाशी शेतकऱ्याचं इंजिन आणि घाणाच आहे. गूळ आणि फाउंड्री हे दोन वेगळे धंदे वाटतात, पण एकाच घरातले आहेत.

गुऱ्हाळ घातलं तर हिशोब जमतो का? खरं सांगा.

खरं सांगतो, कागद घ्या.

एक टन उसातून साधारण ६०० ते ६५० किलो रस निघतो आणि त्यातून १०० ते १२० किलो गूळ पडतो. मधला आकडा ११० धरा. आता सौद्यात दर क्विंटलला हिशोबापुरता ४२०० धरू, म्हणजे टनाला ४६२० रुपये आले. ऊस घरचा असला तरी तो फुकट नसतो, कारण तोच ऊस कारखान्याला घातला असता तर पैसे मिळालेच असते. केंद्राची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा उसाचा किमान दर, २०२५-२६ हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलला ३५५ रुपये ठरली होती, कोल्हापुरात उतारा जास्त असतो, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, तरी टनाला तीन-सव्वातीन हजारांच्या पुढं शेतकऱ्याच्या हातात पडतात. तेवढे बाजूला काढले की उरतात तेराशे-चौदाशे. त्यात ऊसतोड, गुऱ्हाळापर्यंतची वाहतूक, दहा-बारा माणसांची मजुरी, डिझेल नाहीतर वीज, कापड, बॉक्स, अडत, हमाली, तोलाई. झालं?

जळणाला पैसे लागत नाहीत असं म्हणतात, कारण घाण्यातून निघालेलं चिपाड वाळवून चुलवाणात घालतात. बरोबर आहे, पण चिपाड वाळवायला ऊन आणि जागा लागते. अवकाळी पाऊस झाला की चिपाड भिजतं आणि सगळं गुऱ्हाळ थांबतं. मग काही ठिकाणी लोक टायर जाळतात, वास गुळाला लागतो आणि धूर सगळ्या शिवाराला. तसला गूळ आम्ही घेत नाही, पण बाजारात तो येतो हे खरंय.

म्हणून निव्वळ गुऱ्हाळ घालून रवे (गुळाच्या ढेपा) सौद्यात पाठवायचे असतील तर दर चांगला असलेल्या वर्षी चार पैसे मिळतील, नाहीतर बरोबरी होईल, आणि एखाद्या वर्षी कारखान्यालाच ऊस घालायला हवा होता असं वाटेल. ज्यांचं अजून चालू आहे त्यांच्यात घरची माणसं राबतात, गुळव्या घरचा नाहीतर पिढ्यान्‌पिढ्याचा बांधलेला असतो, आणि बाकीचे शेतकरी आधणाप्रमाणं (काहिलीत एका वेळी उकळतात तो रस म्हणजे एक आधण) पैसे देऊन त्यांच्याकडं गूळ करून नेतात. ज्या वर्षी ऊस जास्त होतो आणि कारखान्याची तोड लवकर मिळत नाही त्या वर्षी गुऱ्हाळावर गर्दी होते, कारण शेतकऱ्याला रान मोकळं करून गहू-हरभरा टाकायचा असतो. ज्या वर्षी ऊस कमी असतो त्या वर्षी कारखाने आपसातच ओढाओढी करतात आणि गुऱ्हाळवाला बघत बसतो.

गुळव्या नेमकं करतो तरी काय? थर्मामीटर लावला तर होत नाही का?

थर्मामीटर लावा की, आम्हीही लावायला सांगतो. साध्या गुळाला पाक साधारण ११८ अंशाला उतरतो हे पुस्तकातही आहे. पण आधी थोडं उभं राहून बघा.

मोठ्या काहिलीत हजारेक लिटर रस असतो. तापायला लागला की वर काळपट हिरवट मळी येते, ती झाऱ्यानं काढत राहायचं. रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात भिजवतात, तो बुळबुळीत रस आत टाकला की मळी गोळा होऊन वर येते. चुन्याची निवळी किती घालायची हे उसावर ठरतं, लागणीचा आहे की खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून परत फुटलेला), किती दिवसांचा, लोळलेला होता का. जास्त पडली तर गूळ काळपट होतो, कमी पडली तर मऊ राहतो आणि टिकत नाही. अडीच-तीन तास उकळल्यावर फेसाचा रंग बदलतो, बुडबुडे मोठे होऊन फुटायला लागतात, मग गुळव्या चुलवाणावरच्या माणसाला ओरडतो की जाळ कमी कर. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो, बोटानं गोळी वळतो, ती गोळी भांड्यावर मारली की टण्ण वाजली पाहिजे. वाजली की दोन मिनिटं इकडं तिकडं करायला वेळ नसतो, सगळ्यांनी मिळून काहील उतरवायची आणि पाक वाफ्यात (थंड करायच्या उथळ हौदात) ओतायचा. दोन अंश जास्त झाले तर करपट वास, कमी झाले तर रवा बसतच नाही. एका आधणात दीड-दोनशे किलो गूळ असतो, म्हणजे त्या दोन मिनिटांवर सात-आठ हजार रुपये टांगलेले.

नवीन पोरं हे शिकायला तयार नाहीत कारण हंगाम चार-पाच महिन्यांचा, काम पहाटेपासून, आणि धुरात. त्यांचंही काय चुकतंय. स्टीम पॅन आणि गॅसवर चालणारी नवी युनिट आलीत, स्वच्छ आहेत, माणसं कमी लागतात, पण भांडवल बरंच लागतं आणि ते वसूल व्हायला गूळ चढ्या दरानं विकायला यायला लागतो. सौद्याच्या दरात नाही व्हायचं.

कुठल्या उसाचा गूळ चांगला होतो?

को ९२००५ हा गुळासाठीच नावाजलेला वाण आहे, कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रातून पुढं आलेला. को सी ६७१ पण चांगला, लवकर तयार होतो. को ८६०३२ सगळीकडंच आहे, चालतो. फक्त टनेज बघून लावलेला ऊस, नत्र भरमसाट मारलेला, पुरात आठ-आठ दिवस बुडून राहिलेला, याचा गूळ कितीही चांगला गुळव्या असला तरी नीट होत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर इथं हे सगळ्यांनी बघितलंय. आणि तोडलेला ऊस शक्यतो त्याच दिवशी गाळा, शिळ्या उसाचा गूळ चिकट होतो.

पिवळाधमक गूळ चांगला की काळपट?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि यावर सगळ्यात जास्त खोटं बोललं जातं, दोन्ही बाजूंनी.

आधी हे समजून घ्या की सौद्यात दर रंगावर ठरतो. गुजरातला आपला गूळ पिढ्यान्‌पिढ्या जातो, तिकडचे व्यापारी भरपूर माल उचलून कोल्ड स्टोरेजला ठेवतात, आणि त्यांना पिवळा, उजळ, दाणेदार माल लागतो. एकाच गावचे दोन रवे, एकाच उसाचे, एक उजळ आणि एक तांबूस, तर दरात क्विंटलमागं काही शे रुपयांचा फरक सहज पडतो. मग शेतकरी काय करणार? हायड्रॉस टाकतो. रंग झटकन उजळतो. ही पावडर म्हंजे ब्लीच करणारा सल्फरचा पदार्थ, आणि गुळात सल्फर डायऑक्साईड ७० पीपीएमच्या (दहा लाख भागात ७० भाग) वर असू नये अशी मर्यादा आहे. काहिलीवर उभं राहून मुठीनं टाकणाऱ्याला पीपीएम कोण सांगणार. गंमत म्हणजे हायड्रॉसचा रंग टिकत नाही, काही आठवड्यांत गूळ परत काळवंडतो, तोवर शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशोब) होऊन गेलेली असते.

आता दुसरी बाजू. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला कुणीतरी सांगितलंय की काळा गूळ म्हंजे सेंद्रिय. झालं, लोकांनी पाक जास्त करपवून, चुना जास्त घालून काळा गूळ करायला सुरुवात केली. चांगल्या उसाचा, नीट मळी काढलेला, काहीही न टाकलेला गूळ सोनेरी-तपकिरी येतो, कधी थोडा उजळ, कधी गडद. प्रत्येक आधण सारखं येत नाही. ज्या ब्रँडचा गूळ वर्षभर अगदी एकाच रंगाचा येतो तिथं मी तरी जरा थांबून विचार करेन.

चव घ्या. जिभेवर ठेवला की शेवटी खारट, कडवट लागत असेल तर सोडा. बोटानं चिरडल्यावर कण मोकळे व्हावेत. कापलेल्या रव्याचा आतला आणि बाहेरचा रंग फार वेगळा नसावा.

सौदा कसा होतो? आपण थेट जाऊन घेऊ शकतो का?

मार्केट यार्डात अडत्याच्या दुकानासमोर रव्यांची रास लागलेली असते, ३० किलोचा मोठा रवा जुना, त्याशिवाय १० आणि ५ किलोचे, आणि एक किलो-अर्ध्या किलोचे बॉक्स. व्यापारी घोळक्यानं फिरतात, रवा फोडून बघतात, चिमूट तोंडात टाकतात आणि बोली होते. सगळं इतकं पटापट होतं की नवीन माणसाला कळतच नाही दर कधी फुटला. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे होतात, त्या दिवशी दर चढा निघतो, पेपरात फोटो येतो आणि लोकांना वाटतं वर्षभर तोच दर आहे. तसं नसतं. मुहूर्ताचा दर बघून धंद्याचा हिशोब मांडू नका.

परवानाधारक व्यापारीच बोली लावू शकतो. तुम्हाला थोडाच माल पाहिजे असेल तर अडत्याला सांगून घेता येतो, पण खरं तर तुम्हाला एका गुऱ्हाळाशी ओळख पाहिजे. कुणाच्या काहिलीतला माल आहे ते माहीत नसेल तर पुढं गिऱ्हाइकाला काय सांगणार?

गुळात साखर मिसळतात हे खरं का? घरी कसं ओळखायचं?

खरंय. साखर गुळापेक्षा स्वस्त पडायला लागली की काही लोक पाकात पोतीच्या पोती ओततात. रवा कडक बसतो, रंग उजळ येतो, वजन वाढतं. अन्न औषध प्रशासनाच्या धाडीही पडतात. प्रामाणिक गुऱ्हाळवाल्याचं यात सगळ्यात जास्त नुकसान, कारण त्याचा गूळ शेजारी ठेवला की मळका दिसतो.

घरी ओळखायचे जे व्हिडिओ फिरतात त्यातले बरेचसे बिनकामाचे. खडू किंवा माती असेल तर पाण्यात विरघळवल्यावर तळाशी बसेल, तेवढं कळतं. साखरेचं मात्र नाही कळत, कारण गूळही उसाचाच आणि साखरही उसाचीच. फार चमकणारे स्फटिक आणि दगडासारखा कडक रवा दिसला तर शंका घ्यावी, एवढंच.

माझ्या पाकिटावर 'कोल्हापुरी गूळ' लिहू का?

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, म्हणजे या नावावर या भागातल्या उत्पादकांचा हक्क आहे. जीआयचा लोगो लावायचा असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, रजिस्ट्री चेन्नईला आहे, अर्ज ऑनलाइन होतो. दुसरीकडचा गूळ आणून त्यावर कोल्हापुरी लिहिणं चुकीचं. सीमेपलीकडून, कर्नाटकातून आलेला गूळ इथल्या बॉक्समध्ये जातो म्हणून शेतकऱ्यांनी अनेकदा यार्डात दंगा केलाय आणि त्यांचा राग रास्त आहे. तिकडचा गूळ वाईट असतो असं अजिबात नाही, त्यानं त्याच्या नावावर विकावा की.

पण जीआय मिळाला म्हणून दर आपोआप वाढत नाही, हा गैरसमज काढून टाका. चपलेचं बघा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळाला, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडच्या जिल्ह्यांना मिळून, आणि जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, नाव न घेता. गदारोळ झाल्यावर त्यांनी कबूल केलं की प्रेरणा भारतातल्या हस्तकलेची आहे. त्या दोन महिन्यांत ज्यांची वेबसाइट आणि फोटो तयार होते त्यांना ऑर्डरी आल्या, आणि जो कारागीर फक्त दुकानदाराला माल देतो त्याला त्याचा रोजचाच दर मिळाला. गुळाचंही तेच होणार.

माझ्याकडं ऊस नाही, गुऱ्हाळ नाही, शहरात राहतो. मी काय करू शकतो?

तुमच्यासाठीच तर सगळ्यात जास्त जागा आहे, राग मानू नका गुऱ्हाळवाल्यांनो. सौद्यात चाळीस-पंचेचाळीस रुपये किलोनं गेलेला गूळ पुण्यात दुकानात ऐंशी ते शंभरला विकला जातो आणि छान बरणीत भरलेली पावडर त्याहून वर. यात सगळाच नफा नाही, पॅकिंग, कुरिअर, दुकानदाराचं मार्जिन, परत आलेला माल, हे जातं. तरी काहिलीपाशी राबणाऱ्यापेक्षा जास्त उरतं.

आमचं म्हणणं एवढंच की एक-दोन गुऱ्हाळं पक्की धरा, हायड्रॉस न टाकता गूळ करायला सांगा आणि त्यासाठी सौद्यापेक्षा किलोला दोन-चार रुपये जास्त द्या, तेही हंगामाच्या सुरुवातीला बोलून. शेतकऱ्याला रंगावरून दर कापला जाणार नाही ही खात्री मिळाली की तो हायड्रॉसची पिशवी आणतच नाही, त्याला काय हौस आहे का? बरेच नवीन लोक इथंच घासाघीस करतात आणि मग केमिकल फ्री लिहिलेल्या पाकिटात यार्डातला कुठलाही माल भरतात. एक-दोन वर्षं चालतं, मग कुणीतरी लॅबला देतं.

पहिल्या वर्षी सोसायट्या, ऑफिसं, ओळखीची दुकानं एवढंच करा. संक्रांतीला मागणी जोरात असते, तिथून सुरुवात बरी. मोठ्या ऑनलाइन साइटवर लगेच जायची घाई नको, कमिशन आणि रिटर्नमध्ये एक किलोच्या पाकिटाला काही राहत नाही, कारण वजनदार आणि स्वस्त माल कुरिअरनं पाठवणं हाच मुळात तोट्याचा खेळ.

पावडर करू, क्यूब करू, का काकवी (पातळ गूळ)?

पावडर. आत्ता सगळ्यात जास्त मागणी तिलाच आहे, कारण शहरात रवा फोडायला कुणाकडं वेळ नाही, विळीही नाही. पावडरीला पाक नेहमीपेक्षा थोडा पुढं नेतात, उतरवल्यावर लाकडी दांड्यानं घोटत राहतात, मोकळी झाली की चाळून वाळवतात. ओल राहिली तर महिन्याभरात बरणीत दगड होतो, म्हणून वाळवण हा यातला खरा खर्च. क्यूब दिसायला छान, हॉटेलवाले घेतात, साचे आणि मजुरी जास्त. काकवीला चव आहे, भाकरीबरोबर कोण नाही म्हणेल, पण बाटली फुटणं, आंबणं, गळणं याची तयारी ठेवा. फ्लेवरचे प्रकार (आलं, वेलदोडा, तीळ, शेंगदाणा) बचत गटाच्या बायका फार छान करतात आणि प्रदर्शनात खपतातही.

लायसन्स, जीएसटी, लेबलचं काय?

अन्न सुरक्षेचं रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स पाहिजेच, उलाढाल छोटी असेल तर साधं रजिस्ट्रेशन, ऑनलाइन होतं. जीएसटी सुट्या गुळाला नाही, पण १८ जुलै २०२२ पासून आधी पॅक करून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या पाकिटाला ५ टक्के लागू झाला. लेबलवर वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, तुमचा पत्ता, तक्रारीचा नंबर, सगळं पाहिजे, नाहीतर वजनमापवाले येतात. एखादा सीए गाठा, इथं अर्धवट वाचून करू नका.

सबसिडी मिळते का?

सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठी पंतप्रधानांच्या नावाची जी योजना २०२० साली आली तिच्यात कर्ज काढून केलेल्या प्रकल्पाच्या खर्चाला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान होतं, आणि एक जिल्हा एक उत्पादन यादीत कोल्हापूरला गूळच आहे. बचत गटातल्या सदस्यांना सुरुवातीच्या भांडवलाला ४० हजारांपर्यंत वेगळे. सध्या अर्ज चालू आहेत का ते कृषी खात्याच्या ऑफिसात जाऊन विचारा. पण सबसिडी मिळतेय म्हणून मशीन घेऊ नका, मशीन लागणारच आहे म्हणून सबसिडी घ्या. शेड उभी, मशीन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं आणि बँकेचा हप्ता चालू अशी उदाहरणं गावागावात आहेत.

सेंद्रिय लिहायला काय लागतं?

सर्टिफिकेट. ऊस सेंद्रिय पाहिजे, नुसता गूळ करताना काही टाकलं नाही म्हणून तो सेंद्रिय होत नाही. रान बदलायला दोन-तीन वर्षं जातात. तेवढं नसेल तर सरळ 'रसायन न वापरता बनवलेला' असं लिहा, रिपोर्ट जवळ ठेवा, आणि दुकानदारानं स्वतःच्या तोंडानं सेंद्रिय म्हटलं तर त्याला थांबवा.

गुळाच्या चहाची फ्रँचायझी घेऊ का? आणि चहा फाटतो त्याचं काय?

आधी दुसरा प्रश्न. दूध फाटतं ते गुळातल्या आम्लपणामुळं आणि त्यात टाकलेल्या गोष्टींमुळं. चांगल्या गुळानं कमी फाटतं, पण उकळत्या दुधात टाकला तर चांगलाही कधीकधी फसवतो. चहा उकळून गॅस बंद करा, मग गूळ घाला, ढवळा, गाळा. टपरीवाले पाक वेगळा करून ठेवतात.

फ्रँचायझीचं म्हणाल तर फी देऊन तुम्हाला बोर्ड, कप आणि तोच गूळ चढ्या दरानं मिळतो. गल्लीत तिसरं दुकान निघालं की सगळे बसतात. जागा चांगली असेल तर स्वतःच्या नावानं काढा, गूळ आमच्याकडनं नका घेऊ हवं तर, पण थेट गुऱ्हाळाकडनं घ्या.

परदेशात पाठवता येतो का?

येतो. आयात-निर्यात कोड काढायचा, अपेडाकडं (शेतमालाच्या निर्यातीचं केंद्राचं प्राधिकरण) नोंदणी करायची, आणि समोरचा देश सल्फर, शिसं, ओल यांच्या ज्या टेस्ट मागेल त्या करून घ्यायच्या. आखातात आणि जिथं जिथं आपली माणसं आहेत तिथं मागणी आहे. सुरुवातीला एखाद्या अनुभवी निर्यातदाराच्या कंटेनरमध्ये थोडा माल घाला, स्वतःचा पूर्ण कंटेनर भरायचा विचार पैसे अडकले तरी झोप लागेल अशी परिस्थिती असेल तेव्हाच.

गूळ डायबेटिसवाल्यांना चालतो असं जाहिरातीत लिहू का?

नका लिहू. साखर आहे ती, थोडी खनिजं जास्त, बाकी रक्तातली साखर वाढवायची ती वाढवतेच. असलं लिहून विकणाऱ्यांमुळं सगळ्यांचंच नाव खराब होतं.

एकदम माल भरून ठेवला तर पावसाळा निघतो का?

जून लागला की हवेतली ओल गूळ ओढून घेतो आणि पाझरायला लागतो, बॉक्स खालून ओले होतात, वास बदलतो. कोल्ड स्टोरेज परवडत असेल तर उत्तम. नसेल तर मार्च-एप्रिलमध्ये नीट वाळलेला कडक माल घ्या, प्लॅस्टिकची आतली पिशवी घट्ट बांधा, जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर, भिंतीपासून लांब रचा, पाचापेक्षा जास्त थर नको, आणि खोली पावसाळ्यात उगाच उघडू नका. नवीन माणसानं पहिल्या वर्षी जुलै-ऑगस्टला पुरेल इतकाच साठा करावा, कारण सप्टेंबरमध्ये काळवंडलेला गूळ कुणी पूर्ण दरानं घेत नाही आणि दसऱ्यानंतर नवा माल यायला लागला की जुन्याकडं कुणी बघतही नाही. उरलेला चिक्कीवाल्यांना नाहीतर जनावरांच्या खाद्याला जातो, त्याचे दर आधीच विचारून ठेवा.